पाठीवरचे हात आणि फुंकायचं यंत्र

मित्रांनो, माझ्या फुप्फुसांत कफ साचतो. सहा वर्षं रोज दोन वेळा मी खाटेवर पालथा पडतो आणि बायको तळहात खोलगट करून पाठ थोपटते. त्या ठेक्यावर मी शाळेतल्या कविता म्हणतो. खोटं कशाला सांगू, मला ते सुखाचं वाटतं.

आज यवतमाळला फिजिओथेरपीवाल्या बाईंनी एक छोटं यंत्र दिलं. त्यात फुंकलं की छाती आतून थरथरते आणि कफ सुटतो.

"थोपटण्यापेक्षा हे चांगलं काय?" मी विचारलं.

"काका, तुमच्यासाठी दोन्ही सारखंच. पण हे एकट्यानं करता येते."

बायको लगेच म्हणाली, "मंग मले दिग्रसले बहिणीकडं राहाले जाता येईन ना? सहा वर्सं झाले!"

घरी येऊन दार लोटलं, फुंकलं. थोड्या वेळात छाती मोकळी.

"जमलं काय हो?" तिनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"नाही जमत," मी म्हणालो.

ती हात पुसत आली. "बरं, पडा पालथे."

मला कफानं अडकवलंय. तिला मात्र मीच. ती शेजारीच भाजी निवडते आहे आणि मी हे लिहितोय. खरं सांगायचंय. सुरुवात कशी करू?