कमिटीतला शलोम

युनियनचे किस्से पगारवाढीसारखे नसतात, न मागता वाढत जातात. पन्नास सालानंतरची अंबरनाथच्या कारखान्यातली आमची कमिटी. अकरा जण, सगळे पुरोगामी. त्यातला शलोम झिराडकर हा बेने इस्रायली, म्हणजे आपला कोकणातला मराठी ज्यू, अलिबागकडचा फिटर. त्याला कमिटीत ठेवायचं की काढायचं, यावर आम्ही वर्षभर एकमेकांचं डोकं खाल्लं. लाज वाटते, तरी सांगतो.

*

मीटिंग रविवारी असायची. सेक्रेटरींनी ती शनिवारी आणली. शलोम ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे शनिवार पाळायचा, त्यामुळे आला नाही.

"कामगाराला धर्म नसतो," सेक्रेटरी म्हणाले. युनियन ऑफिसातल्या सत्यनारायणाचा शिरा खाता खाता म्हणाले!

मी शिऱ्याकडे बोट दाखवलं. "ही लोकभावना आहे," ते म्हणाले आणि आणखी थोडा वाढून घेतला.

*

गेटसभेत सेक्रेटरी गरजले, "जगभरचे ज्यू म्हणजे भांडवलदार!"

लाउडस्पीकरची सैल वायर हाताने दाबून शलोम खालीच उभा होता. सिंधी निर्वासितांच्या कॅम्प दोनमधला आमचा ताहिलराम बोलला, "साहेब, अपने शलोम के पास तो छतरी भी नहीं है."

"तो वेगळा," सेक्रेटरी म्हणाले आणि भाषण पुढे चालू.

शलोमने वायर सोडली नाही. मी असतो तर सोडली असती, आणि वर चार शिव्याही घातल्या असत्या.

*

मग बदलापूरच्या त्याच्या चुलतभावाने इस्रायलला जायचं ठरवलं. झालं, सेक्रेटरींना कोलीत मिळालं.

"झिराडकर, तुमचा देश कुठला?"

"झिराड. तालुका अलिबाग."

"त्याच्या आधी?"

"आधी तुमचं सांगा."

ताहिलरामला सिंधहून येऊन चार-पाच वर्षंच झाली होती. तो हळूच मला म्हणाला, "मेरे से तो किसी ने पूछा नहीं."

*

शेवटी ठराव आला. संप तोंडावर आहे, उद्या देश सोडून जाऊ शकेल असा माणूस कमिटीत नको. हात वर करून मतदान.

आता गोची अशी, की आमच्यात हात मोजायचं काम कायम शलोमचं. दुसऱ्या कुणाच्या मोजणीवर कुणाचाच भरवसा नव्हता. सेक्रेटरी म्हणाले, "आज दुसरं कुणीतरी मोजा." कुणी उठेना. शलोम उठला.

ओळीने मोजत आला. पाच झाले. सहावा मिळाला की ठराव पास, आणि शेवटचा बसलेलो मी. सेक्रेटरी माझ्याकडेच बघत होते. माझा हात कानापर्यंत जाऊन अडकला होता.

शलोम माझ्यासमोर थांबला.

"वर आहे की खाली? नीट सांग, मला मोजायचंय."