प्रशांतच्या लेक्चरला मी हसलो

मंडळी, आज दुपारी कॅरी शहरातल्या आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी जे केलं, ते इथे ग्रुपवर सगळ्यांसमोरच कबूल करतो.

नागपूरचा प्रशांत इथल्या विद्यापीठात क्वांटम कम्प्युटिंगमध्ये पीएचडी करतोय. त्याला आग्रह करून मीच बोलायला बोलावलं होतं. बिचाऱ्याने खास आपल्यासाठी मराठीत स्लाइड्स केल्या होत्या.

तो म्हणाला, "दोन कामं आहेत. त्यातलं आधी कुठलं झालं, हे क्वांटमच्या जगात ठरलेलंच नसू शकतं."

मी पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये. बसल्या जागेवरून ओरडलो, "अरे, असला बग मी रोज फिक्स करतो!" सगळे हसले.

तो शांतपणे म्हणाला, "दादा, तुमच्या बगमध्ये क्रम असतो, फक्त तुम्हाला माहीत नसतो. इथे क्रमच नसतो."

मला ते कळलं नाही. म्हणून आणखी जोरात म्हणालो, "म्हणजे तू आधी जेवतोस आणि मग स्वयंपाक करतोस का?" पुन्हा हशा.

प्रशांतने उरलेल्या स्लाइड्स भराभर पुढे ढकलल्या आणि लेक्चर संपवलं. जेवायलाही थांबला नाही.

परत येताना कारमध्ये माझ्या अकरा वर्षांच्या सईने विचारलं, "बाबा, डिड यू अंडरस्टँड इट बिफोर यू लाफ्ड?"

 माझा क्रम तर पक्का होता. आधी हसलो. कळायचं अजून बाकीच आहे.

आता फोन हातात घेऊन बसलोय. तुम्हीच सांगा, आधी त्याची माफी मागू, की आधी तो काय सांगत होता ते त्याच्याचकडून समजून घेऊ?