धुवू नका!

शुक्रवारी दुपारी झोपायचं, असं मी दर आठवड्याला ठरवते. डोळा लागतो न लागतो तोच बेल वाजते. दारात कोणीतरी मुठीत काहीतरी हिरवं-काळं धरून उभं असतं आणि म्हणतं, "ताई, दोनच मिनिटं!" त्या दोन-दोन मिनिटांतूनच हे किस्से साठलेत. मी काही हौसेनं जमवलेले नाहीत, बाबांनो.

वडील नाशिकला सराफ बाजारात जुनी नाणी घ्यायचे-विकायचे, त्यामुळे नाण्यांची नजर घरूनच आली. मी झाले इंजिनिअर, तीही गंजाची! रियाधला ओलाया भागातल्या ऑफिसात बसून तेलाच्या पाइपांचा गंज तपासते. म्हणजे आठवडाभर पाइपांचा गंज आणि शुक्रवारच्या सुट्टीला नाण्यांचा. नवरा सुनील म्हणतो, "तुझ्या नशिबात चकाकणारं काहीच नाही." बोलणारा स्वतः समोर बसलेला असतो, म्हणून मी गप्प बसते.

पहिला मान केतनचा. पुण्याचा, बँकेत आयटीला. फोनवर म्हणाला, "आजोबांचं तांब्याचं नाणं आहे, शिवकालीन. घेऊन येतो." मी म्हटलं, "ये, पण धुवू नकोस." आला तो लखलखीत नाणं घेऊन! लिंबू, मीठ आणि वरून टूथपेस्ट. अक्षरं पार झिजून गेलेली.

"अरे, काय केलंस हे?"

"तुझ्याकडे घाणेरडं कसं आणायचं? बरं दिसत नाही ते!"

मग मी बसून समजावलं. जुन्या नाण्यावरचा थर हीच त्याची अब्रू असते, घासलं की ग्रेड, म्हणजे नाण्याची प्रत, गेली. केतननं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग हा गंज परत चढवून किती दिवसांत मिळेल?"

त्याचे सासरे महिनाभर राहायला आले होते. त्यांच्याकडे कंपनी सरकारचं नाणं, त्यावर मारुती! असली बनावट नाणी जत्रेच्या बाहेर ढिगानं मिळतात. मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "काका, इंग्रज आपल्या नाण्यावर मारुती कशाला काढतील?"

काका जराही हलले नाहीत. "का? त्यांना संकटं येत नव्हती?"

मी चहा टाकला.

इथून लांब, उत्तरेकडच्या हफ्र अल बातिनला एक शिंदे म्हणून सुपरवायझर आहेत. त्यांची माझी भेट कधीच नाही, फक्त व्हॉट्सॲप. एकदा फोटो आला, धुरकट, काळा गोळा. खाली लिहिलेलं, 'अर्जंट. ग्रेड सांगा.' मी लिहिलं, दुसऱ्या बाजूचा फोटो पाठवा. उत्तर आलं, "ती बाजू खराब आहे मॅडम, म्हणून तर ही पाठवली!"

मधे भोक दिसत होतं. आपल्याकडे भोकाचा पैसा होता खरा, पण मला शंका आली. म्हटलं, लोहचुंबक लावून बघा. पटकन चिकटलं. नटबोल्टाचा वायसर होता तो! मी तसं कळवलं. मग मेसेज आला, "पण वायसर जुना आहे ना?"

आमच्या ऑफिसचे मुदीर, म्हणजे मोठे साहेब, अबू फहद. त्यांनीही एकदा खिशातून रुमाल काढला. आत चांदीचं मोठं जुनं नाणं, इथे पूर्वी चालायचं ते. आजीच्या गळ्यातलं. साखळीत ओवायला वर कडी डाग देऊन जोडलेली. साहेब असले तरी ग्रेड ती ग्रेड. खोटी ग्रेड मी कोणालाच देत नाही, तेवढं एक वडिलांकडून घेतलंय. म्हटलं, "डाग दिलाय, त्यामुळे किंमत बरीच उतरली."

साहेबांनी थोडा विचार केला. "नाण्याची उतरली. आजीची नाही ना?"

"नाही, नाही."

"खलास!" म्हणाले आणि रुमाल खिशात घातला. इतक्या लवकर सुटलेली ही एकमेव केस.

या सगळ्या तमाशाला कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक माणूस कायम हजर असायचा, नाझीरभाई. रत्नागिरीकडचे. जन्म रियाधमध्ये एसी दुरुस्त करण्यात गेला. आमचा एसी बघायला म्हणून आले आणि मग शुक्रवारचेच झाले. लोकांची नाणी बघायचे, हसायचे, चहा प्यायचे. स्वतःचं कधी दाखवलं नाही. "माझ्याकडं पन एक हाय, ताई. दाखवीन कधीतरी."

ते 'एक' म्हणजे अब्बांची गिनी. वडील जहाजावर खलाशी, बसऱ्याहून सोन्याची गिनी घेऊन आले, असं घरात सगळे सांगायचे. अम्मीनं ती चोराचिलटांच्या भीतीनं मिठाच्या बरणीत ठेवलेली. नाझीरभाई इकडे यायला निघाले तेव्हा तिनं ती बरणीतून काढून त्यांच्या हातावर ठेवली. अब्बा गेले, अम्मी गेली. मोठी बहीण, आपा, मात्र प्रत्येक फोनला विचारते, "गिनी कुठं हाय रे?" नाझीरभाईंच्या मनानं घेतलेलं, की आपाला वाटतं यानं ती फुंकली.

परवाच्या शुक्रवारी ते आले ते निरोपच घ्यायला. फायनल एक्झिट लागलेलं, आता कायमचे गावी. सगळे निघून गेल्यावर त्यांनी रुमाल सोडला.

हिरवागार, खरबरीत गोळा. मिठानं पार खाल्लेला. छाप नाही, अक्षर नाही. मी भिंग लावलं, वजन केलं. कशाला केलं कोण जाणे! सोनं हिरवं पडत नाही, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

"बोलू नका ताई," नाझीरभाई म्हणाले. "जन्मभर तांब्याचे पाईप जोडलेत मी. मला कळतंय. पन आपाला काय सांगू? तांबा बोललो तर एक तर अब्बा खोटे, नायतर मी चोर."

मी काही बोलणार तोच त्यांचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल, आपाचाच! पांढरी ओढणी, पडद्याला अगदी चिकटलेला चेहरा.

"बाय, तू ती नाणीवाली ना? नाझीर सांगतो तुझं. आमची गिनी बघितलीस?"

"बघितली, आपा."

"मग? काय म्हनते?"

नाझीरभाई खाली बघत बसलेले. रुमालाचं टोक बोटाला गुंडाळत होते. इतक्या वर्षांत मी केतनला सोडलं नव्हतं, साहेबांना सोडलं नव्हतं. पण तोंडातून रोजचं तेच वाक्य बाहेर आलं.

"आपा, धुवू नका. काहीही झालं तरी ती धुवू नका."

आपा हळूच हसल्या.

"अम्मीपन हेच बोलायची, बाय. कुनाला हात लावू द्यायची नाय. तिला काय ते ठाऊक होतं. मिठातच राहू दे, बोलायची." मग आवाज चढवून म्हणाल्या, "नाझीर, ऐकतोस ना? बरनी अजून तिथंच हाय. घेऊन ये!"