शांबामामांनी बनवलेला माझा अँप

मुळगावचे शांबामामा आज सकाळी गेले.

त्यांनी माझ्यासाठी बनवलेल्या गिटार अँपला, म्हणजे अँप्लिफायरला, मी एकदा सगळ्यांसमोर 'खोका' म्हटलं होतं. ते मागेच उभे होते.

मामा शिरगावच्या एका खाणीवर इलेक्ट्रिशियन. खाण बंद पडली, तेव्हा घरी बसून त्यांनी जुन्या रेडिओंतले काचेचे व्हॉल्व्ह जमवले आणि गिटारचे अँप बनवायला घेतले.
ट्रान्सफॉर्मरची तार स्वतःच्या हाताने गुंडाळायचे. पेटी फणसाच्या फळ्यांची.
वर्षाला एक. फार तर दोन.

मी एकदा म्हटलं, "मामा, असा हाताने एकेक बनवलेला असला की परदेशात त्याला बुटीक अँप म्हणतात."
"बुटीक? थंय साड्यो विकतत मरे!"

मी पेडण्याला कचेरीत क्लार्क, सुट्टीच्या दिवशी लग्नांत गिटार वाजवणारा. मला अँप हवा म्हटल्यावर मामांनी आधी चार रविवार घरी बोलावलं. मी वाजवायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. मामींनी आणलेला चहा तसाच थंड व्हायचा.

आठ महिन्यांनी अँप घरी आला. पहिली तार छेडली आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.
"कोण आयलो रे?"
इतका माणसासारखा आवाज.

पहिला प्रोग्राम डिचोलीला, एका रिसेप्शनमध्ये. हॉल मोठा, शेजारी ड्रम्स. माझी गिटार कुणाला ऐकूच जाईना. व्हॉल्यूम वाढवला तर आवाज फाटायला लागला.
ब्रेकमध्ये मी बँडवाल्यांसमोर वैतागलो, "ह्या खोक्यापायी माझी शोभा झाली!"

मागे वळलो तर मामा. हातात जेवणाची प्लेट. खास अँप ऐकायला आले होते.
प्लेट तशीच टेबलावर ठेवली, स्कूटर काढली, गेले.

मी फोन केला नाही. धीरच झाला नाही.
अँप पलंगाखाली सरकवला.

दोन महिन्यांनी, एका सकाळी, मामा बसने पेडण्याला आले. एका हातात टूलबॉक्स, दुसऱ्या हातात पिशवीत नवा ट्रान्सफॉर्मर.
दारातच म्हणाले, "चूक माझी. मी तुका घरात आयकलंय. हॉलात आयकूकच नाय."

दिवसभर अँप उघडून बसले. ट्रान्सफॉर्मर बदलला, व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर मोठा बसवला.
मी बाजूला बसून शब्द जुळवत होतो.
"मामा, त्या दिवशी मी..."
"तो पाना दी."

त्यानंतर सहा वर्षं मी दुसरा अँप वाजवला नाही. लग्नं, जत्रेतली नाटकं, सगळीकडे तोच. लोक जवळ येऊन विचारायचे, कुठला ब्रँड? मी छाती काढून सांगायचो, "मुळगावचा."

गेल्या महिन्यात मामांनी अंथरूण धरलं. मी अँप गाडीत टाकून गेलो, त्यांच्या खाटेला लागून ठेवला आणि हळू वाजवत बसलो. त्यांनी हात लांब करून पेटीवर ठेवला.

आणि मी एकदाचं बोललो.
"मामा, माझा चुकला. डिचोलीक मी तसा बोलूक नको होता."
"कितें?"
मी परत सांगितलं, मोठ्याने.
"कितें?"
मामी दारातून हसल्या. "सगळा आयकाक येता त्यांका. तुका छळतत!"

मामांना हसू आवरेना. खोकला येईपर्यंत हसले.
मग म्हणाले, "वाजय रे. थांबलंस कित्याक?"
जेवणवेळेपर्यंत वाजवत होतो.

मामी, उद्या सकाळी परत येतो.

मामा, तुमच्या त्या हातांना माझा नमस्कार.