पॅसेंजरची तीन तिकिटं

पडदा वर जातो तो १९७८ च्या उन्हाळ्यात, नागपूरच्या सोनेगाव विमानतळाच्या दारात. टॅक्सींच्या रांगेपुढे तुमसरजवळच्या सिहोरा गावच्या कुंताबाई ताठ उभ्या आहेत. पाच वर्षांनी मुलगा भोजराज बायकोसह मुंबईहून येणार, त्याला आपल्या हाताने घरी न्यायचं, म्हणून त्या पहाटेच निघाल्या होत्या. ‘गाडी घेऊन ये,’ असं त्याने पत्रात लिहिलं होतं. कुंताबाईंच्या लेखी गाडी एकच, रेल्वेची. त्यांनी तुमसर रोड स्टेशनापर्यंतची पॅसेंजरची तीन तिकिटं काढून ठेवली होती.

“मी मोटार म्हनलो होतो, आई,” बाहेर येऊन तिकिटं पाहताच भोजराज बायकोसमोर खेकसला.

“गाडी लिवलास तू. याच गाडीनं शिकाले गेला, आता टोचते काय?”

“हिले त्या गर्दीत बसवू? लोकं काय म्हनतीन?”

“लोकाईचं नाव नोको घेऊ. तुलेच माही लाज वाटून राहिली.”

त्याने टॅक्सीत सामान टाकलं. “येतेस तर ये,” म्हणून दार उघडं धरलं. कुंताबाईंनी त्या दोघांची तिकिटं फाडून त्याच्या बुटांपाशी टाकली. टॅक्सी सुरू झाली तशा त्या खिडकीशी वाकल्या आणि कमरेची चाबी वाजवून म्हणाल्या,

“जा बापा, लवकर पोच. घराची चाबी माह्यापाशी आहे, अन् मी पॅसेंजरनं येऊन राहिली.”