हरेश्वरकाकांचा बांध

आमच्या घरावरून हळू जाणाऱ्या प्रत्येक वाहनाला हरेश्वरकाका ओट्यावरून उठून हात जोडत. मग तो पाण्याचा टँकर असो, कुणाची सायकल असो, की कोंबड्यांचे पिंजरे लादलेला टेम्पो असो. जोरात जाणाऱ्याकडे मात्र ते पाठ फिरवून बसत. नवख्या माणसाला वाटे, ह्या म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलेलं आहे. एकदा एक मोटारसायकलवाला परत फिरून आला आणि म्हणाला, “काका, ओळखता का मला?”

“नाय. पन तुज्या आयनं तुला नीट वाडवलंय, तेवडं समजलं.”

काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. बोईसरहून दांडीकडे जाणाऱ्या रस्त्याला एक फाटा फुटतो आणि थेट समुद्रावर जाऊन संपतो. त्या फाट्याच्या एका अंगाला आमचं घर, दुसऱ्या अंगाला चिकूची वाडी आणि विहीर. घरात काका आणि त्यांची मोठी बहीण, दोघंच. ते तिला बाय म्हणत, मी आत्या. आत्याला ऐकू येत नसे, अगदी काहीच. नजरही बेताची. तरी दिवसभर तिच्या रस्त्यापलीकडे खेपा चालत. अबोलीला पाणी घाल, पडलेले चिकू वेच, काही नाही तर विहिरीत डोकावून ये. किनाऱ्याकडून मासळीचे टेम्पो सुसाट येत. एकदा एक टेम्पो तिच्या पदराला चाटून गेला. तिला वाटलं, वारा सुटला.

त्या दिवसापासून काकांनी पंचायतीत खेटे घातले. गतिरोधक काही मंजूर होईना, तेव्हा त्यांनी तो स्वतःच घातला. अडचण एवढीच, की गतिरोधक कसा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. बांध कसा घालतात ते ठाऊक होतं. म्हणून त्यांनी रस्त्यावर बांध घातला. खाली दगड, मग चोपलेली माती, वर सिमेंट. चांगलं पाणी अडलं असतं. दूधवाल्याचं दूध तिथे सांडे. एका नवरदेवाचा फेटा तिथे उडाला आणि विहिरीतून काढावा लागला. लोक थांबून शिव्या देत. काका म्हणत, “शिवी द्यायला तरी थांबला ना? झालं माजं काम.”

फाट्याच्या टोकाला, समुद्रावर, बोईसरच्या एका कारखानदाराचा बंगला आहे. गाव त्यांना शेठ म्हणतं. जगातल्या सर्वांत महाग नव्या गाड्यांची यादी अधूनमधून वर्तमानपत्रात येते. आपण ती वाचतो आणि पान उलटतो. शेठनी पान उलटलं नाही. त्या यादीतली एक गाडी त्यांनी मागवली, आणि एका रविवारी ती दाखवायला बंगल्याकडे निघाले. मी पालघरहून सुट्टीला आलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं.

गाडी शहाळ्यासारखी हिरवी आणि जेमतेम माझ्या कमरेएवढी उंच. बांध दिसताच शेठनी कुठलंसं बटण दाबलं. गाडीने नाक वर उचललं, पुढची चाकं चढली, पलीकडे उतरली, आणि पोट बांधावर टेकलं. मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. काका केव्हाचे हात जोडून उभे होते. त्यांच्या बांधावरून इतक्या हळू आजवर कुणीच गेलं नव्हतं.

कोंबडी पंख झाडते तशी दारं वर उघडली आणि शेठ रांगत बाहेर आले.

“काका, ये किसने बनाया?”

“मी. बसा. पानी देऊ?”

पाणी पिताना शेठनी किंमत सांगितली. काकांनी ती शांतपणे ऐकली. मग विचारलं, “मानसं किती बसतात?”

“दो.”

“आनि टोपली?”

टोपलीची सोय नव्हती. गाडी शंभराचा वेग किती पटकन गाठते, ते शेठनी चुटकी वाजवून दाखवलं.

“एवड्या लवकर जायचं कुटं?” काकांनी हात लांब केला. “फुडं समुद्र हाय.”

कंपनीच्या माणसाला फोन लागला. गाडीला कुणीही हात लावू नये, आमचा माणूस परदेशातून पुढच्या आठवड्यात येईल, असं तो म्हणाला. तोवर दोन्ही बाजूंना टेम्पो तटले होते आणि मासळीवरचा बर्फ पाझरू लागला होता. शेठ म्हणाले, बांध फोडू, दुसरा चांगला बांधून देतो. काका म्हणाले, “वर गाडी, खाली बांध. फोडनार कसा? आदी गाडी उचला.”

ज्याची मासळी अडकली होती तो काशी तांडेल पुढे झाला. गाडीभोवती फिरला. “होडी काय कमी जड असते?” असं म्हणून त्याने माणसं जमवली. आत्याच्या गोधड्या गाडीखाली सरकल्या. फोनवरचा माणूस इंग्रजीत ओरडत होता. तांडेलने फोन शेठच्या हातातून घेतला आणि आपल्या खिशात टाकला. खिशात तो ओरडतच राहिला. “हैस्सा!” झालं आणि जगातल्या सर्वांत महाग गाड्यांपैकी एक गाडी होडीसारखी उचलून पलीकडे ठेवली गेली.

टाळ्या थांबल्यावर काका म्हणाले, “शेठ, आता परत कसे जानार?”

ह्याचा विचार कुणीच केला नव्हता. फाट्याला दुसरी वाट नाही.

मग तो नेमच झाला. शेठना बोईसरला जायचं असलं की तांडेलची माणसं येत, गोधड्या घालून गाडी उचलत. पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला. त्यांची अट वेगळी होती. दुसऱ्या सीटवर दर वेळी एका उचलणाऱ्याला बसवून बोईसर नाक्यापर्यंत न्यायचं. तिथून तो बिचारा शेअर रिक्षाने परत येई आणि आठवडाभर तेच सांगत बसे.

शेठना हे किती दिवस परवडावं? त्यांनी तक्रार केली. बांध बेकायदा होताच. तो तोडायचा दिवस ठरला आणि काकांचं जेवण सुटलं. ताटावर बसत, भात चिवडत आणि उठत. आदल्या संध्याकाळी गाडी नुकतीच अलीकडे उचलून ठेवली होती, तेव्हा त्यांनी शेठना ओट्यावर बोलावलं.

“शेठ, तुमची गाडी दुसरी येल. माजी बाय कुटनं आनू?”

“काका, गाडी धीरे चलाने को बोलूंगा ना सबको. बोर्ड लावतो. ‘हॉर्न वाजवा’ लिहितो.”

काका काही बोलणार, एवढ्यात आत्या तांब्या घेऊन वाडीतून आली. वाटेत काहीतरी बुटकं, हिरवं उभं होतं. तिने त्यावर हात ठेवला. ते गरम लागलं.

“ताप हाय याला,” असं म्हणत तिने तांब्या त्याच्यावर रिकामा केला.

गाडी किंचाळायला लागली. असा आवाज त्या फाट्यावर कधी झाला नव्हता. कुत्री पळाली, माडांवरचे कावळे उठले, तांडेलच्या माणसांनी कान दाबले. आत्या एकटी त्या आवाजात उभी राहून गाडीच्या कपाळावर हात फिरवत होती, आजारी वासराला कुरवाळावं तशी.

आवाज बंद करायला शेठनी किल्ली काढली होती. ती दाबायची मात्र राहून गेली. ते आत्याकडे पाहत राहिले. आवाज शेवटी आपणच थांबला. शेठ उठले, फोन घेऊन विहिरीकडे गेले, बराच वेळ कुणाशी तरी बोलले. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला नाही. त्या दुपारी काका दोनदा जेवले.

पुढच्या थंडीत आत्या झोपेतच गेली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी टिकाव काढला आणि बांधावर घाव घातला. आवाज ऐकून मी धावलो. किनाऱ्याकडून तांडेल आला, मागोमाग शेठ, चालत.

“काका, राहू द्या,” शेठ म्हणाले. एव्हाना त्यांचं मराठी सुधारलं होतं.

“कोनासाटी?”

मग तांडेल म्हणाला, “आनि आमची बोईसरची फेरी?”

काका हसले, पण घाव थांबला नाही. शेठनी पांढरे बूट काढून ठेवले आणि घमेलं उचललं. दुपारपर्यंत आम्ही सगळ्यांनी मिळून दगड वाडीच्या कडेला नेऊन टाकले. संध्याकाळी शेठची गाडी कुणाचाही हात न लागता पहिल्यांदा त्या जागेवरून गेली. तांडेलची माणसं रिकाम्या हातांनी बघत उभी होती.

“फोडायला सोपा निगाला,” काका म्हणाले. “घालताना लय मजबूत वाटलेला.”

मग टिकाव धुवायला ते विहिरीकडे निघाले. रस्त्याच्या कडेला येऊन थांबले. बर्फाचा एक टेम्पो भरधाव गेला. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा झाला. तरीही ते बराच वेळ कडेलाच उभे राहिले.