हेप्झिबाने न विचारलेला प्रश्न

हेप्झिबा टार्बॉक्स ही आमच्या कुळाची मूळ बाई. आम्ही सगळे तिच्या थोरल्या लेकीच्या वंशातले. धाकट्या ओबेडचा वंश नाही, आणि तो का नाही हे आमच्या घरात प्रत्येक आई आपल्या मुलांना एकदा तरी सांगते. सांगताना आवाज आपोआप खाली येतो.

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर सॉल्टर्स नेक नावाचं गाव होतं. सोळाशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला जंगल, मध्ये पन्नासेक चुली आणि त्या सगळ्या चुलींवर लक्ष ठेवणारा देव. देवाला कमी दिसलं तर शेजारी होतेच. हेप्झिबा या गावची सुईण. नवरा समुद्राने नेला, लेक लग्न होऊन पलीकडच्या गावी गेली, घरात ती आणि एकोणीस वर्षांचा ओबेड. तिचा हात हलका होता. अडलेल्या बाईच्या दारात तिचा पांढरा टोप दिसला की अर्धं घर सुटकेचा श्वास टाकायचं.

पण लग्नाशिवाय पोटुशी राहिलेल्या पोरीला तो टोप दिसला की पोरीच्या तोंडचं पाणी पळायचं. कारण कायदाच तसा होता. कळा ऐन भरात आल्या की सुईणीने हात मागे घ्यायचा आणि विचारायचं, बाप कोण? नाव सांगेपर्यंत हात लावायचा नाही. मरणाच्या दारात उभी असलेली बाई खोटं बोलून देवासमोर जायची नाही, असा हिशेब. त्या घटकेला निघालेलं नाव म्हणजे दगडावरची रेघ. नंतर घेतलेलं नाव वाऱ्यावर गेलं, त्याला कोणी विचारत नसे. हेप्झिबाने आजवर प्रत्येक वेळी विचारलं होतं आणि प्रत्येक वेळी नाव घेऊनच ती खोलीबाहेर आली होती. याचा तिला अभिमान होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या वर्षी मक्याला कीड पडली. उभी कणसं आतून काळी निघाली. पाळकसाहेबांनी गावाला उपास घालून दिला आणि दिवसभर प्रार्थनाघरात बसवून सांगितलं, की या मंडळीत कोणीतरी पाप पोटात घेऊन बसलं आहे, आणि ते बाहेर येईपर्यंत देवाचा हात मागे जाणार नाही. सगळ्यांच्या माना हळूच मागच्या बाकाकडे वळल्या. तिथे कॅप्टन ग्रिंडलच्या घरची मोलकरीण डॉर्कस बसली होती. तिचं पोट आता शालीखाली मावत नव्हतं.

मान वळली नाही ती फक्त ओबेडची. तो खाली बघत होता. हेप्झिबाच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हा.

मग एकेक आठवायला लागलं. ग्रिंडलच्या घरी सरपण पोचवायला ओबेडच जायचा. एका खेपेला लागतो त्याच्या दुप्पट वेळ लावायचा. परसात डॉर्कसपाशी बसून बोलताना त्याला बेथाया क्रॉकने पाहिलं होतं, आणि बेथायाने पाहिलं म्हणजे गावाने पाहिलं. उन्हाळ्यापासून त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. समोर मासा आणि भाकर ठेवली तरी तो भिंतीकडे बघत बसायचा.

शेवटी एका सकाळी घागर उचलता उचलता तिने विचारलं, "ओबेड, काय खातंय तुला?"

"सांगून काय होणार, आई? माझ्यासारख्याला क्षमा नाही."

"कशाची क्षमा?"

"आत सगळं काळं झालंय. त्या मक्यासारखं. डॉर्कसला ठाऊक आहे. तिच्याशिवाय मी कोणापाशी–"

"गप्प बस." हेप्झिबाने घागर खाली ठेवली. "एक अक्षर बोलू नकोस. जे माझ्या कानावर पडेल ते मला शपथेवर सांगावं लागेल. कळतंय तुला?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. बहुधा त्याला काहीच कळलं नव्हतं. तो कुऱ्हाड घेऊन बाहेर गेला, आणि तिथून पुढे आईशी हो-नाहीपलीकडे बोलेनासा झाला.

डॉर्कसचे दिवस भरत आले तशी हेप्झिबाची झोप उडाली. दुसरी सुईण एक दिवसाच्या वाटेवर होती. दुखण्याचं निमित्त करावं, तर पोरीचा जीव जायचा. आणि बाळंतपणाला गेलं, तर ओबेडचं नाव तिला स्वतःच्या हाताने ओढून काढावं लागणार होतं. मग चौकातला खांब, फटके, आणि जन्मभर चर्चच्या मंडळीबाहेर.

पानं गळायला लागली तेव्हा बोलावणं आलं. ग्रिंडलच्या मागच्या खोलीत डॉर्कस गवताच्या गादीवर होती. एरवी गावात बाळंतपण असलं की बायकांसाठी केक भाजत, बिअर काढत. इथे चूलसुद्धा नीट पेटवली नव्हती. साक्षीला दोघी होत्या, बेथाया क्रॉक आणि घरची मालकीण ग्रिंडलबाई. ग्रिंडलबाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या. त्यांनी ना पाणी आणलं, ना चिंधी.

कळा चढत गेल्या. डॉर्कसने हेप्झिबाचं मनगट धरलं होतं आणि ती एकटक तिच्या तोंडाकडे बघत होती, एखाद्याने दार उघडण्याची वाट बघावी तशी.

"टार्बॉक्सबाई," बेथाया म्हणाली, "विचारायची वेळ झाली."

"डोकं आलंय."

"अजून कुठे आलंय? मला काय दिसत नाही?"

"तू पाच पोरं काढलीस म्हणून मला शिकवू नकोस. दिवा धर नीट."

"अहो, पण कायदा–"

"राहू दे गं बेथाया," ग्रिंडलबाई दारातून शांतपणे म्हणाल्या. "त्यांना त्यांचं काम करू दे."

हेप्झिबाने हात मागे घेतला नाही. मूल झालं, मुलगा. तो रडला. बेथायाने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा हेप्झिबाकडे, आणि ती शाल गुंडाळून बाहेर पडली. ग्रिंडलबाईही गेल्या.

खोलीत दोघीच उरल्या तेव्हा डॉर्कस म्हणाली, "बाई, तुम्ही विचारलं का नाही?"

"तुझं भलं बघितलं."

"माझं?" पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "नाव माझ्या जिभेवर होतं. मालकाचं. मालकिणीच्या तोंडावर घेणार होते. सहा महिने त्या एका प्रश्नाची वाट बघत होते मी. आता कोण ऐकणार माझं?"

हेप्झिबाने मूल तिच्या कुशीत ठेवलं. "आणि ओबेड?"

"ओबेड? तो बिचारा मला त्याच्या स्वप्नातला नरक सांगायचा. देव तारायला मोजक्यांनाच निवडतो, आणि त्यात आपण नाही असं त्याला वाटतं. म्हणायचा, आईला सांगितलं तर तिला सोसणार नाही."

रविवारी मंडळीपुढे चौकशी झाली. डॉर्कसने कॅप्टनचं नाव घेतलं. कॅप्टन ग्रिंडल पुढच्या बाकावरून उठले आणि एवढंच म्हणाले, "कळांमध्ये घेतलं का हे नाव? साक्षीदारांनी सांगावं." साक्षीदार काय सांगणार. मग पाळकसाहेबांनी हेप्झिबाला उभं केलं, शपथ दिली आणि विचारलं, "बहीण टार्बॉक्स, इतक्या वर्षांत कधी चुकला नाहीत. या वेळी का विचारलं नाही?"

वेळ मिळाला नाही असं म्हणायचं होतं तिला. बेथायाने ते खोडून काढलं असतं तरी म्हणायला हवं होतं. हे लिहितानाही माझा जीव जळतो. पण शपथेवर खोटं म्हणजे कायमचा नरक, हे तिच्या हाडात मुरलेलं. आणि खरं सगळंच्या सगळं सांगितलं तर पोरगा सुटेल, असंही तिला वाटलं.

"माझ्या मुलाचं नाव येईल अशी भीती वाटली," ती म्हणाली. "ती चूक होती. तो निर्दोष आहे, मला आता–"

पुढचं कोणी ऐकलंच नाही. पहिल्या वाक्यालाच प्रार्थनाघरात असा आवाज उठला की तिचे शब्द त्यात बुडून गेले. सख्ख्या आईनेच सांगितल्यावर आणखी पुरावा कशाला हवा होता? ओबेड जागेवरून हललाही नाही. तो आईकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी चौकात त्याला आणि डॉर्कसला फटके बसले. कॅप्टन ग्रिंडल टोपी काढून उभे होते. मूल पुढे त्यांच्याच घरी वाढलं, नोकर म्हणून.

ओबेड घरी आला तेव्हा हेप्झिबा वळांवर लावायला चरबी पातळ करून बसली होती. त्याने तिला पाठीला हात लावू दिला नाही.

"तुला खरंच वाटलं, मीच?"

"अरे, तू म्हणालास ना, क्षमा नाही म्हणून. मला वाटलं–"

"मी सांगत होतो तर तू गप्प केलंस." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचंच तिला भय वाटलं. "वर्षभर मी देवाला विचारत होतो, देवा, मी तुझा आहे की नाही. खूण मागत होतो. मिळाली आता. जन्म देणारीने ओळखलं नाही, तर तो कशाला ओळखेल?"

"ओबेड, असं बोलू नये."

त्याने रक्ताने ओल्या पाठीवरच सदरा चढवला, कुऱ्हाड होती तिथेच ठेवली आणि जंगलाच्या वाटेने निघाला. ती दारापर्यंत गेली. हाक मारायला तोंड उघडलं, पण शेजारी बेथाया क्रॉक अंगणात उभी राहून बघत होती, आणि हेप्झिबाने हाक मारली नाही.